औषध न मानवणें व रक्ताची परीक्षा

बाळापूरच्या एका वाचकांनीं आपल्या घरांतील हकीकत आम्हांस कळविली आहे. मातोश्रींचें वय ६८. गुडघ्याची शस्त्रक्रिया अकोल्यास व्हावयाची. कोणीसें सुचविल्यावरून त्यांचें रक्त एका प्रयोगशाळेकडे पाठविलें, आणि तेथून ६० औषधांची यादी आली. पेनिसिलीनसह ११ औषधांपुढें 'दोष आहे', बाकीच्यांपुढें 'नाहीं'. परंतु दुखण्यावरच्या ज्या गोळीनें पूर्वीं मातोश्रींचे डोळे सुजून त्यांना धाप लागली होती, तीहि 'नाहीं'च्या रकान्यांत! आतां ती देण्यास हरकत नाहीं ना, असा वाचकांचा प्रश्न आहे.

हरकत आहे, आणि ती मोठी आहे.

ही परीक्षा रक्तांतील आय-जी-ई नांवाचें द्रव्य शोधते. इशिझाका या जपानी दांपत्यानें तें १९६६ सालीं अमेरिकेंत ओळखिलें. फुलांचे पराग, शेंगदाणे यांच्या बाबतींत तिचा उपयोग बराच होतो. औषधाची गोष्ट निराळी. औषधाचा कण फार लहान. तो शरीरांतील प्रथिनांस चिकटल्यावर, कित्येकदां यकृतांत त्याचें रूपांतर झाल्यावरच शरीर त्याच्यावर उलटतें, आणि तें रूप नळींत उभें करणें बहुतेक औषधांच्या बाबतींत साधलेलें नाहीं. पेनिसिलीनच्या गोत्रापुरती अशी परीक्षा आहे, पण तीहि 'नाहीं' आली म्हणून निर्धास्त होतां येत नाहीं. दुखण्यावरच्या गोळ्यांचा त्रास तर बहुधा या द्रव्यावांचूनच होतो. मग तें रक्तांत न सांपडल्याचें नवल काय?

उलट बाजूहि पाहावी. पिंपरीच्या सरकारी कारखान्यांत १९५५ सालीं पेनिसिलीन बनूं लागलें, आणि पुढें इंजेक्शनच्या भयानें घेरी आली तरी घरोघरीं 'रिअॅक्शन आली' म्हणण्याचा प्रघात पडला. (आमच्याहि घरीं असे दोघे आहेत!) अमेरिकेंत स्वतःस पेनिसिलीन चालत नाहीं असें सांगणाऱ्यांची रीतसर परीक्षा केली, तेव्हां दहांतील सुमारें नऊ जणांस तें सुखरूप सोसलें. खरा दोष असला तरी तो पुष्कळांत वर्षांमागून वर्षें ओसरतो. तेव्हां त्या अकरा नांवांवरहि एकदम काट मारूं नये.

रक्ताची परीक्षा सर्वथा व्यर्थ, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. औषधानें जीवावरचा प्रसंग ओढवला तर चार तासांच्या आंत, व पुन्हा २४ तास उलटल्यावर, रक्तांतील ट्रिप्टेज मोजल्यास तो प्रसंग कशाचा होता हें उमगण्यास मदत होते. फेंफऱ्यावरील कार्बामाझेपीन सुरू करण्यापूर्वीं एचएलए-बी १५०२ हा आनुवंशिक गुण पाहतां येतो. तो असणाऱ्यांची त्वचा सोलवटून प्राण धोक्यांत येण्याचें भय अधिक, हें २००४ सालीं तैवानांत दिसून आलें.

बाळापूरकरांनीं इतकें करावें: त्या गोळीचें नांव, ती कोणत्या सालीं घेतली, किती वेळानें काय झालें, हें कागदावर लिहून शस्त्रक्रियेपूर्वींच भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हातीं द्यावें. पेनिसिलीनबद्दल संशय असल्यास त्वचेवरील परीक्षा, आणि जरूर तर थोडथोडी मात्रा देऊन पाहणें, हें रुग्णालयांतच तज्ज्ञांच्या देखरेखीखालीं व्हावें. 'अर्धी गोळी देऊन पाहूं' असा प्रयोग घरीं कोणीहि करूं नये. जुना डबा धुंडाळून त्या गोळीचें पाकीट सांपडलें, तर तेंहि सोबत न्यावें.