क्लाउडच्या काळातही डिस्कच बरी
१९३४ साली मालाडला बॉम्बे टॉकीज उभी राहिली तेव्हा चित्रपट रिळांच्या डब्यांतून फिरत. आज उपनगरांतल्या एडिटिंग स्टुडिओंना खिशातली डिस्क पुरते. क्लाउड असताना हा खटाटोप कशाला? कारण २० एमबीपीएस वेगाने १०० जीबी चढवायला ११ तास लागतात. मालाडहून अंधेरीला लोकल अर्ध्या तासात पोचते. खरी अडचण फॉरमॅटची. फॅट३२ वर ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही, एनटीएफएसवर मॅक आपणहून लिहीत नाही. एक्सफॅट मात्र विंडोज, मॅक आणि २०१९ पासून लिनक्सच्या कर्नलमध्येही चालते. डिस्क मध्येच उपटली तर डेटा बिघडतो, हा आक्षेप रास्तच आहे. म्हणून ‘इजेक्ट’ करावे, चेकसम ताडून पाहावा आणि तोवर मूळ प्रत पुसू नये. एवढी शिस्त पाळली तर डिस्क नेणे हा मागासलेपणा नव्हे, साधा व्यवहार आहे.