चूक कुणाची, हे नंतर बघू

आपल्यापैकी बरेचजण वर्षा-दोन वर्षांत कुठल्यातरी कंपनीत ट्रेनी इंजिनिअर म्हणून चिकटतील. (कॅम्पसला न लागलेलेही लागतील, काळजी नसावी.) तिथे कधीतरी अपघाताचा रिपोर्ट लिहायची पाळी येईल. त्या रिपोर्टमधल्या 'कामगाराचा निष्काळजीपणा' या दोन शब्दांवर माझा राग आहे.

ऑपरेटरच्या रक्षणाला गार्ड असतं, दोन हातांची बटणं असतात. मेंटेनन्सचा फिटर मात्र तेच गार्ड काढून आत हात घालतो, कारण कामच तसं आहे. आणि मेन स्विच बंद केला म्हणजे मशीन मेलं असं नसतं. पॉवर प्रेसचं फ्लायव्हील काही वेळ फिरतच राहतं, हायड्रॉलिक ॲक्युम्युलेटरमध्ये प्रेशर असतं, ड्राइव्हच्या कपॅसिटरमध्ये चार्ज असतो. साठवलेल्या एनर्जीची गणितं आपण दर सेमिस्टरला सोडवतो, पण त्या एनर्जीखाली कुणाचा हात आहे हे पेपरात विचारत नाहीत. शिवाय 'मशीन बंद का?' म्हणून तिसराच कुणी येऊन स्विच दाबतो, ते वेगळंच.

उपाय अगदी साधा आहे. स्विच बंद करून त्याला स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, प्रेशर सोडायचं, रॅमखाली ठोकळा द्यायचा आणि मग स्टार्ट बटण दाबून मशीन खरंच बंद आहे का ते बघायचं. अमेरिकेने 1989 मध्ये याचा नियमच केला.

सुट्टीतल्या ट्रेनिंगला मी भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये होतो. डाय साफ करताना ठेकेदाराच्या एका पोराच्या तर्जनीचं पेरं गेलं. ठोकळा स्टोअरमध्ये होता, आणि स्टोअर जेवणाच्या सुट्टीत बंद. दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून त्याला गेटवर बसवलं. कारण 1948 च्या फॅक्टरीज ॲक्टप्रमाणे जखमी माणूस 48 तास कामावर येऊ शकला नाही तर अपघात सरकारला कळवावा लागे. गेटवर बसला म्हणजे कामावर आला! रिपोर्टात अर्थातच 'निष्काळजीपणा'.

कायदा मात्र असा विचार करत नाही. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यात साधी बेफिकिरी हे पैसे नाकारायचं कारण नव्हतंच. दारू पिऊन काम करणं, स्पष्ट हुकूम मुद्दाम मोडणं, गार्ड मुद्दाम काढणं एवढेच अपवाद होते, आणि मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर तेही चालत नसत. अंगठ्याला 30 टक्के, तर्जनीच्या एका पेराला 9 टक्के, असा त्यात तक्ताच होता. ठेकेदाराने हात वर केले तर भरपाई मूळ मालकाने द्यायची. हक्क सोडल्याच्या कागदावर अंगठा घेतला तरी तो कागद रद्द. नोव्हेंबर 2025 पासून हे जुने कायदे जाऊन श्रम संहिता आल्या, तरी ही तत्त्वं त्यात आहेतच. आणि ईएसआयमध्ये येणारा कामगार पहिल्याच दिवशी जखमी झाला तरी त्याला रजेच्या काळात सरासरी रोजाच्या 90 टक्के मिळतात. हे त्या पोराला कुणी सांगितलं नव्हतं. सुपरवायझरलाही माहीत असेल असं वाटलं नाही, आणि तो आपल्यासारखाच बी.ई. मेकॅनिकल.

म्हणून रिपोर्ट लिहाल तेव्हा स्वभाव लिहू नका, वस्तुस्थिती लिहा. कुलूप होतं का? किल्ली कुणाकडे होती? ठोकळा कुठे होता? 'शिफ्ट संपायच्या आत उरकून टाक' असं कोण म्हणालं? भरपाईच्या दाव्यात हाच कागद पुढे येतो.

आपल्या वर्कशॉपमध्येही एक कुलूप नाही. विचारलं तर उत्तर मिळालं, 'कुलपं चोरीला जातात.' (हॉस्टेलवाल्यांनो, माना खाली!) पुढच्या बजेटमध्ये दहा कुलपांचे आणि दोन ठोकळ्यांचे पैसे धरावेत, असा अर्ज मी एचओडी सरांकडे दिला आहे. त्यावर अजून बावीस सह्या हव्या आहेत. अर्ज मेसच्या काउंटरवर ठेवलाय.