जुनी गाडी धक्के का देते?

आपल्या भागात जुनी गाडी ही हौसेची वस्तू नसते. कुणी तिच्यातून कामगारांना पाळीवर पोहोचवतो, कुणी भाडे मारतो. गाडी उभी राहिली की घरची कमाई थांबते. सुमो १९९४ साली आणि इंडिका १९९८ साली बाजारात आली. दोन्ही पुण्याच्या टेल्को कारखान्यात तयार झाल्या. या कंपनीचे नाव २००३ मध्ये टाटा मोटर्स झाले. इंडिका २०१८ मध्ये आणि सुमो २०१९ मध्ये बंद झाली. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी यांपैकी प्रत्येक गाडी जुनीच.

अशी गाडी क्लच सोडताना थरथरू लागली की पुष्कळदा पहिला सल्ला मिळतो, "गिअरबॉक्स उतरवा." हे काम मजुरीचे, शिवाय रोजगारही बुडतो. म्हणून आमचे सांगणे असे, की आधी दोष ओळखावा, मग पाना हाती घ्यावा.

पहिल्याने धक्का केव्हा बसतो ते पाहावे. पाय क्लचवरून पूर्ण काढल्यावरही गाडी झटके मारत असेल, तर दोष बहुधा क्लचचा नाही. डिझेल फिल्टर, हवेची गळती, इंजिन यांकडे वळावे. पेडल अर्धे सोडताना गाडी थरथरते आणि पूर्ण सोडल्यावर शांत होते, तर क्लच किंवा इंजिनाचे माउंटिंग यांवर संशय घ्यावा. माउंटिंगचे रबर फाटले की इंजिन जागेवर डोलते. बॉनेट उघडून, हँडब्रेक ओढून, जाणत्या माणसाने पहिला गिअर आणि मग रिव्हर्स टाकून क्लच किंचित सोडावा. दुसऱ्याने बाजूला उभे राहून इंजिन किती उसळते ते पाहावे. गाडीच्या पुढे किंवा मागे कुणीही उभे राहू नये. माउंटिंग बदलणे हे गिअरबॉक्स उतरवण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.

माउंटिंग ठीक असेल तर प्लेटला तेल लागले आहे का, फ्लायव्हील जळून डागाळले आहे का, हे प्रश्न येतात. इंजिनाची गती वाढते पण गाडी ओढत नाही, जळका वास येतो, तर प्लेट झिजून घसरते आहे असे समजावे.

थरथर नसून एकदाच 'खट्ट' असा आवाज येत असेल, तर तो ढिलाईचा आवाज आहे. सुमोसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस तपासावेत. सपाट जागी इंजिन बंद करून, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावून शाफ्ट हाताने पिळून पाहावा. क्रॉसमध्ये खेळ जाणवला तर तो बदलावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. क्रॉस चांगला निघाला तर पाटे बांधणाऱ्या यू-बोल्टच्या नटांवर पाना लावावा, मग डिफरन्शियल पाहावे. इंडिका पुढच्या चाकांवर चालते. तिच्यात पूर्ण वळण घेताना टकटक झाली तर बाहेरच्या सी.व्ही. जॉइंटकडे बोट दाखवावे.

झिजलेला क्रॉस लांबणीवर टाकू नये. धावत्या गाडीत तो तुटला तर शाफ्ट रस्त्यावर पडू शकतो, आणि मागे बसलेल्यांच्या जिवावर बेतते.

गिअरबॉक्स उतरवावाच लागला, तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदलावे. मजुरी तीच लागते. त्याच वेळी इंजिनाच्या मागचे ऑइल सील पाहून घ्यावे. सील गळत असेल तर नवी प्लेटही महिन्याभरात तेलाने खराब होईल. जुने भाग मिस्त्रीकडून मागून घ्यावेत आणि बिलावर प्रत्येक वस्तू लिहून घ्यावी. त्यात संकोच कसला?

आणि चाकणच्या तळेगाव चौकात गर्दीत अडकल्यावर अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवू नये. न्यूट्रल करून ब्रेक दाबावा. क्लच वाचवायला पैसा लागत नाही, सवय लागते.