हिरव्या कारखान्यात माणूस कुठे?

हरित उद्योग हा शब्द आता कारखानदारांच्या तोंडी चांगलाच रुळला आहे. छपरावर सौर पॅनेल, आवारात झाडे, सांडपाण्याचा पुनर्वापर. हे सारे व्हायलाच हवे. धुराची आणि दूषित पाण्याची पहिली झळ कारखान्याच्या भिंतीला लागून असलेल्या आपल्याच वस्त्यांना बसते. प्रश्न एवढाच, की या हिरव्या हिशेबात माणूस कुठे आहे?

सेबीच्या 2021 च्या परिपत्रकानुसार 2022-23 पासून बाजारमूल्याने पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल सक्तीने द्यावा लागतो. वीज, पाणी, कचरा, कार्बन यांचे आकडे त्यात असतात. कामगारांत स्त्रिया किती, अपंग किती, कायम किती आणि कायम नसलेले किती, हेही असते. जातीचा रकाना मात्र नाही. वातानुकूलित कक्षात कोण बसतो आणि मैल्याच्या टाकीत कोण उतरतो, हे कुणी विचारतच नाही. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचे बंधन कुणावरच नसते.

कायदा मात्र स्पष्ट आहे. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याचे कलम 7 सांगते, की गटार वा सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईसाठी माणूस प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे नेमता येणार नाही. यातला ‘अप्रत्यक्षपणे’ हा शब्द प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावा. ‘तो आमचा नाही, ठेकेदाराचा माणूस’ या पळवाटेवर तो नेमके बोट ठेवतो. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली 10 लाख रुपये ठरवली आणि ऑक्टोबर 2023 मध्ये 30 लाख केली. भरपाई तिप्पट झाली, पण टाकीत माणूस उतरवणे थांबले नाही.

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात मजूरमंत्री होते. नद्यांचे पाणी आणि वीज यांच्या नियोजनाचा पाया त्यांनी घातला. त्याच बाबासाहेबांनी कारखान्यातील कामाचे आठवड्याचे तास 54 वरून 48 वर आणणारे विधेयक मांडले. त्यांनी उद्योग आणि मजूर यांची कधी फारकत केली नाही.

म्हणून आपली मागणी सरळ आहे. सफाई आणि घातक कचऱ्याच्या कामावरील कंत्राटी कामगारांची वेगळी नोंद अहवालात यावी, तीत सामाजिक प्रवर्ग असावा आणि टाकीची सफाई यंत्रानेच व्हावी. हे अहवाल कुणालाही वाचता येतात. आपल्या कामगार संघटनांनी आणि वकिलांनी ते वाचावेत आणि व्यवस्थापनाला लेखी जाब विचारावा. गुदमरून मेलेल्या कामगाराच्या जिवावर मिळवलेले हिरवे प्रमाणपत्र आम्हाला मान्य नाही!