दुचाकीचा वेग आणि नगावरची मजुरी

सोलापुरात दुचाकीचा अपघात झाला की दुसऱ्या दिवशी उपदेशांना ऊत येतो. तरुण पिढी बेदरकार झाली आहे, तिला वेगाची नशा चढली आहे, वगैरे. यात मुळीच तथ्य नाही असे नव्हे. आमची पिढी १९७२ साली निघालेल्या पन्नास सी.सी.च्या लुनावर हिंडली. त्या बिचारीच्या अंगात वेगच नव्हता, म्हणून आम्ही संयमी ठरलो!

परंतु प्रश्न उपदेशाचा नाही. केंद्र शासनाच्याच आकडेवारीनुसार २०२२ साली देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरील होती. हेल्मेटविना मेलेल्या ५०,०२९ जणांत १४,३३७ मागे बसलेले होते. एप्रिल २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने शहरी हद्दीत मोटारसायकलींना ताशी ६० किलोमीटरची मुभा दिली आहे. विजापूर वेशीच्या गर्दीत साठ! वेग तिसावरून साठावर गेला की आघाताची शक्ती दुप्पट नव्हे, चौपट होते. माणसे व वाहने एकत्र वावरतात तेथे तीसच मर्यादा असावी, असे स्टॉकहोमच्या जागतिक परिषदेने २०२० मध्ये जाहीर केले. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ अन्वये राज्य शासनाला मर्यादा खाली आणता येते. ती आणलीच पाहिजे.

मात्र केवळ फलक लावून सर्वांचाच वेग उतरणार नाही. घरोघरी जेवण व किराणा पोहोचविणाऱ्या तरुणाला पैसे मिळतात ते खेपेमागे. गाडी त्याची, पेट्रोल त्याचे, कर्जाचा हप्ताही त्याचाच. कंपनीचे काय, तर मोबाइलवरील हुकूम. ताशी तीसने गेला तर खेपा घटतात, अर्थात मजुरी घटते. अशा वेळी वेगमर्यादा ही प्रत्यक्षात वेतनकपात ठरते, आणि कामगार ती मोडणारच.

सोलापूरच्या श्रमिकाला नगावरची मजुरी नवी नाही. विडी वळणाऱ्या स्त्रीला हजार विड्यांमागे पैसे मिळतात. परंतु त्या हजारामागचे किमान वेतन शासन ठरविते, आणि ते मालकांच्या औदार्याने मिळालेले नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, अशा कामगारांना नाव दिले. कंपन्यांच्या उलाढालीतून एक ते दोन टक्के कल्याणनिधीची तरतूदही केली. तीत किमान वेतनाची हमी मात्र नाही.

म्हणून आपली मागणी दुहेरी असावी: बाजारपेठा, शाळा व दाट वस्त्यांत तीसची मर्यादा, आणि त्याच वेळी खेपेची वाट पाहण्याचे तास धरून ताशी किमान मोबदला. हेल्मेट, विमा व दुरुस्ती यांचा खर्च कंपनीने सोसावा. यंत्रमाग व विडी कामगारांत काम करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी या मुलांची सभा कन्ना चौकात बोलवावी. ती रात्री उशिराच घ्यावी लागेल. लोकांच्या जेवणाच्या वेळी त्यांना सवड नसते.