मापी शेर, वजनी शेर

दिवाळी जवळ आली कीं घरोघर सासूबाईंच्या, आजेसासूबाईंच्या हातच्या पाककृतींच्या वह्या बाहेर निघतात. पानें पिवळीं पडलेलीं असलीं तरी अक्षर लागतें. अडतें तें मापापाशीं. 'अनारशांस एक शेर तांदूळ, तीन पावशेर गूळ' एवढेंच लिहिलेलें असतें. सून बिचारी शेर म्हणजे किलो समजून जिन्नस घेते, गूळ वाजवीपेक्षां अधिक पडतो, अनारसा तुपांत हसतो, आणि दोष तिच्या हातास दिला जातो. आमच्या मतें हा दोष बहुधा शब्दाचा असतो.

'शेर' हा शब्द पूर्वीं दोन निरनिराळ्या गोष्टींस लावीत. एक मापी शेर: दोन चिपट्यांचें मापटें, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. हें माप गांवोगांव कमीजास्त असे. दुसरा वजनी शेर. तो ८० तोळ्यांचा धरला तर सुमारें ९३३ ग्रॅम भरतो. पावशेर २३३, नवटांक ११७ आणि छटांक ५८ ग्रॅम. (मुंबईचा जुना वजनी शेर याहून पुष्कळच लहान होता, हेंही ध्यानांत असावें.) १९५६ च्या कायद्यानें दशमान पद्धति ठरली व १९५८ पासून किलोग्रॅमचीं वजनें प्रचारांत येऊं लागलीं, तरी भाजीवाला पाव किलोस अजून पावशेरच म्हणतो. तो १७ ग्रॅमांचा फरक भाजींत खपून जातो.

वहींत चिपटें, मापटें असेल तर तें माप. तोळा, छटांक, नवटांक असेल तर तें वजन. नुसता 'शेर' असेल तर जिन्नस पाहावा. धान्य सामान्यतः मापानें घेत. गूळ, साखर, तूप वजनानें. म्हणजे एकाच ओळींत तांदुळाचा शेर मापी आणि गुळाचा वजनी असूं शकतो! घरांत कोणी वडील बाई असतील तर त्या आहेत तोंवर त्यांस विचारून वहीच्या समासांत लिहून ठेवावें. मागाहून हें सांगणारें कोणी मिळत नाहीं. माळ्यावर एखादें जुनें पितळी मापटें सांपडलें तर तें मोडींत घालूं नये. त्यांत तांदूळ भरून तोलले कीं त्या घरचा शेर कळला.

शेराची जागा पुढें वाटीनें घेतली. १९७० सालीं निघालेल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'मुळें तर वाटी-चमच्यांचें माप घरोघर रूढ झालें. पण वाटीही प्रत्येक घरची निराळी. ती काट्यावर ठेवून पाण्यानें भरावी. पाण्याचें वजन जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर तींत मावतात. २०० ग्रॅम पाणी मावणाऱ्या वाटींत, शीग न लावतां, साखर सुमारें १६५, तांदूळ १६०, रवा १४०, कणीक १०० व पातळ तूप १८० ग्रॅम बसतें. हे आंकडे ढोबळ आहेत. कणकेचें तर विचारूंच नये: चाळून हलक्या हातानें भरलेली आणि दाबून भरलेली यांत पुष्कळ अंतर पडतें. किसलेल्या गुळाची तीच गत. म्हणून गूळ तोलावाच. अनारशांचें पीठ मात्र ओलें तोलूं नये. भिजलेले तांदूळ पाणी धरतात. वजन कोरड्या तांदुळांचेंच घ्यावें.

'समभाग' या शब्दानेंही फसगत होते. शिऱ्यास वाटीस वाटी साखर म्हणजे १४० ग्रॅम रव्यास १६५ ग्रॅम साखर. तोलून समभाग घेतल्यास शिरा अगोड लागेल, आणि पाहुण्यांदेखत बोल ऐकावे लागतील.

सर्वच कांहीं तोलीत बसावें असें आम्हांस वाटत नाहीं. पाक, गूळ आणि केक यांस काटा हवा. भातास पाणी वाटीनेंच बरें. चकलीच्या भाजणींतही तांदूळ व डाळी मापानें घेतल्या तरी बिघडत नाहीं, कारण वाटीमागें त्यांचें वजन जवळजवळ सारखेंच असतें. पोहे घालणार असाल तर तेवढे वेगळे धरा. वाटीभर पोह्यांत निम्मी हवाच असते.