सुपरवायझर, संप आणि युनियनचा दंड

संप सुरू आहे, गेटवर कामगार उभे आहेत आणि युनियनचा सभासद असलेला सुपरवायझर त्यांच्या समोरून आत जातो. युनियनने त्याला दंड करावा का? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आधी विचारलं: आत जाऊन तो काम कोणतं करतो? ही कसोटी मला रास्त वाटते. पुढे ती जशी लावली गेली, ते मात्र पटत नाही.

१९४७च्या टाफ्ट-हार्टले कायद्याने सुपरवायझरला कामगाराच्या व्याख्येतून वगळलं, पण युनियनचं सभासदत्व ठेवायची मुभा दिली. शिवाय वाटाघाटी आणि तक्रार निवारणासाठी मालक ज्याला प्रतिनिधी नेमतो, त्या निवडीत युनियनने दबाव आणायचा नाही, असंही बजावलं. सगळा वाद या कलमाचा.

फ्लोरिडा पॉवर अँड लाइट या वीज कंपनीत १९७१मध्ये संप झाला, तेव्हा सभासद सुपरवायझरांनी संपकऱ्यांची कामं स्वतः उरकली. १९७४मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी युनियनची त्यांच्यावरची दंडाची कारवाई वैध ठरवली. संपकऱ्याचा पाना हाती घेणारा त्या घडीला मालकाचा प्रतिनिधी नसतो, संप फोडत असतो. निकाल योग्यच होता.

१९७३च्या हॉलिवूडमधल्या लेखकांच्या संपात निर्माते-दिग्दर्शक म्हणूनही काम करणारे काही लेखक स्टुडिओत गेले. त्यांनी लेखन केलं नाही, देखरेखीचं नेहमीचं काम केलं. त्यांच्या युनियनने, म्हणजे रायटर्स गिल्डने, ५० हजार डॉलरपर्यंत दंड ठोठावले. पुढे अपिलात शिक्षा सौम्य झाल्या. १९७८मध्ये न्यायालयाने, पुन्हा पाच-चारनेच, ही कारवाई बेकायदा ठरवली.

न्यायालयाचा मुद्दा असा, की अशा दंडाने तक्रार निवारणासाठी मालकाने निवडलेल्या माणसावर दबाव येतो. तक्रारी ऐकायला मालकाला विश्वासाचा माणूस लागतो, हे मान्य. पण संपाचं बळ काम थांबण्यातच असतं. सभासदत्वाचे फायदे घ्यायचे तर त्याचं बंधनही पाळायला हवं. ते नको असेल, तर ऐन संपातही राजीनामा देता येतो, हे याच न्यायालयाने १९८५मध्ये पॅटर्न मेकर्स खटल्यात सांगितलं.

१९७८च्या निकालाने सुपरवायझरला दिलेल्या संरक्षणाला न्यायालयाने १९८७मध्ये मर्यादा घातली: वाटाघाटी किंवा तक्रार निवारणाचं काम ज्याच्याकडे नाही, त्याला हे कलम वाचवणार नाही. माझं म्हणणं याच्याही पुढचं आहे. दंडामुळे तक्रार निवारण खरोखर अडलं, हे मालकाने पुराव्यानिशी दाखवावं. तोवर आपल्या सभासदाला शिस्त लावायचा युनियनचा हक्क अबाधित राहिला पाहिजे.